पडदा जिवंत, संगणक म्हातारा : जुन्या आयमॅकचा मॉनिटर करण्याचा इतिहास

१/
८ मार्च २०२२ रोजी ॲपल कंपनीने दोन गोष्टी केल्या. 'स्टुडिओ डिस्प्ले' नावाचा २७ इंची मॉनिटर वाजतगाजत जाहीर केला. अमेरिकेत त्याची किंमत १,५९९ डॉलर, भारतात १,५९,९०० रुपयांपासून पुढे. आणि त्याच दिवशी, फारसा गाजावाजा न करता, २७ इंची आयमॅक विक्रीतून काढून टाकला. नव्या मॉनिटरच्या पडद्यावर आडवे ५,१२० आणि उभे २,८८० बिंदू होते. ऑक्टोबर २०१४ मध्ये आलेल्या आयमॅकच्या पडद्यावरही नेमके तेवढेच बिंदू होते, आणि तेही तेवढ्याच आकारात.

२/
म्हणजे २०१४ सालच्या यंत्राचा पडदा आजही पहिल्या पंक्तीत बसण्याजोगा. मात्र त्याच्या पाठीमागचा संगणक थकलेला. २०२१ सालची 'माँटेरे' ही प्रणाली त्या यंत्राला मिळालीच नाही. अशा वेळी कोणालाही सहज सुचणारा उपाय असा : नव्या संगणकाची केबल जुन्या आयमॅकला जोडावी आणि त्याचा पडदा मॉनिटर म्हणून वापरावा. हे साधे काम त्या यंत्रात का होत नाही? एके काळी ते एका कळीसरशी कसे होत होते? आणि आज लोक ते कोणत्या मार्गाने घडवून आणतात? हा धागा त्या प्रश्नांचा.

३/
प्रथम एक गैरसमज दूर करावा लागेल. पडदा आणि संगणक ही जोडी जन्मजात नाही. सप्टेंबर १९७३ मध्ये 'रेडिओ-इलेक्ट्रॉनिक्स' या अमेरिकी मासिकाने डॉन लँकेस्टर यांचा 'टीव्ही टाइपरायटर' मुखपृष्ठावर छापला. घरच्या दूरदर्शन संचावर स्वतः टंकलेली अक्षरे उमटवणारे ते मंडल होते. एका वेळी १६ ओळी, प्रत्येक ओळीत ३२ अक्षरे. बातम्या दाखवण्यासाठी बनलेल्या पडद्याला दुसऱ्याच कामाला जुंपण्याची ही प्रसिद्ध आरंभीची खटपट. जुन्या पडद्याला नवा मालक देण्याची कल्पना घरगुती संगणकाइतकीच जुनी आहे, हे यावरून दिसते.

४/
पुढील दहा वर्षे हीच रीत चालली. १९७७ चा ॲपल-२ काय, १९८२ चा झेडएक्स स्पेक्ट्रम काय, दोन्ही यंत्रे घरच्या टीव्हीला जोडून चालवता येत. १९८४ पासून 'क्लास' प्रकल्पाद्वारे भारतीय शाळांत जे बीबीसी मायक्रो संगणक आले, तेही असेच : कळफलकाच्या पेटीत संगणक, आणि पडदा वेगळा. यंत्र बदलले तरी पडदा टिकत असे. पडदा बिघडला तरी यंत्र टिकत असे. दोघांचे आयुष्य एकमेकांना बांधलेले नव्हते.

५/
ते बांधण्याचे काम 'ऑल-इन-वन' रचनेने केले. १९७७ च्या कमोडोर पेटमध्ये पडदा, कळफलक आणि कॅसेट रेकॉर्डर एकाच सांगाड्यात होते. पण या रचनेला खरी प्रतिष्ठा मिळाली ती २४ जानेवारी १९८४ रोजी. क्युपर्टिनो येथील फ्लिंट सेंटरच्या सभागृहात पहिला मॅकिंटॉश सादर झाला. किंमत २,४९५ डॉलर. ९ इंची कृष्णधवल पडदा, त्यावर ५१२ गुणिले ३४२ बिंदू. खोक्यातून काढा, भिंतीतील सॉकेटला लावा, काम सुरू करा. तारांचे जंजाळ नको, जोडाजोडी नको. सामान्य माणसाच्या दृष्टीने ही मोठीच सोय होती.

६/
सोयीबरोबर एक अटही आली. हे यंत्र मालकाने उघडावे अशी अपेक्षाच नव्हती. पेटी उघडण्यास लांब दांड्याचा टॉर्क्स स्क्रूड्रायव्हर लागे आणि तो त्या काळी सर्वांच्या घरी नसे. आत पिक्चर ट्यूबचा हजारो व्होल्टचा दाब असल्याने ही सावधगिरी अगदीच अनाठायी नव्हती. गंमत अशी, की मॅकिंटॉश घडवणाऱ्या चमूने आपल्या स्वाक्षऱ्या पेटीच्या आतल्या बाजूस कोरवून घेतल्या होत्या. ज्याने पेटी उघडली, त्यालाच त्या दिसल्या.

७/
चौदा वर्षांनी, ६ मे १९९८ रोजी, त्याच सभागृहात स्टीव्ह जॉब्स यांनी आयमॅक सादर केला. निळसर पारदर्शक कवच, १५ इंची पिक्चर ट्यूब, २३३ मेगाहर्ट्झचा जी-३ प्रोसेसर, १,२९९ डॉलर किंमत. फ्लॉपी ड्राइव्ह नाही, आणि जोडण्यांसाठी नवखे यूएसबी. १५ ऑगस्ट १९९८ पासून विक्री सुरू झाली आणि डबघाईला आलेली कंपनी सावरण्यात या यंत्राचा मोठा वाटा ठरला. पुढच्या काही आवृत्त्यांत यातील चित्र बाहेरच्या पडद्यावर नेण्याची सोय आली. बाहेरचे चित्र आत आणण्याची मात्र नाही.

८/
हा भेद पुढील साऱ्या कथेचा कणा आहे, म्हणून तो नीट समजून घ्यावा. संगणकावर दिसणारे व्हिडिओचे भोक बहुधा 'बाहेर जाण्याचे' असते. नळातून पाणी येते. त्याच नळाच्या तोंडातून टाकीत पाणी भरता येत नाही. मॉनिटरवरचे भोक 'आत येण्याचे' असते. दोन्ही भोके दिसायला सारखी, केबलही तीच. म्हणून जुन्या आयमॅकला केबल लावून लोक चित्राची वाट पाहत बसतात आणि पडदा ढिम्म राहतो. उणीव केबलची नसून आतल्या वाटेची असते.

९/
उलट वाटेची कल्पना ॲपलला अपरिचित होती असे नाही. १९९१ च्या पॉवरबुक १०० मध्ये एक विशेष सोय होती : तो लॅपटॉप दुसऱ्या मॅकला जोडला, की निव्वळ हार्ड डिस्कसारखा वागे. पुढे फायरवायरच्या काळात हीच सोय 'टार्गेट डिस्क मोड' म्हणून रूढ झाली. संपूर्ण संगणकाने काही काळ आपले संगणकपण बाजूला ठेवावे आणि दुसऱ्याचा एक अवयव बनावे, ही यामागील कल्पना. डिस्कच्या बाबतीत जे जमले, ते पडद्याच्या बाबतीत जमण्यास आणखी बराच काळ जावा लागला.

१०/
तो क्षण २० ऑक्टोबर २००९ रोजी आला. त्या दिवशी २७ इंची आयमॅक जाहीर झाला. पडद्यावर २,५६० गुणिले १,४४० बिंदू, मागे एलईडीचा उजेड. आणि मागच्या मिनी डिस्प्लेपोर्टच्या भोकातून चित्र आतही घेता येत होते. दुसरा संगणक जोडायचा, कळफलकावर कमांड आणि एफ-२ दाबायचे, की आयमॅकचे स्वतःचे चित्र मावळे आणि पाहुण्याचे चित्र उमटे. या सोयीचे नाव 'टार्गेट डिस्प्ले मोड'. डिस्क मोडचे हे धाकटे भावंड, हे नावावरूनच कळते.

११/
या आरंभीच्या यंत्रांचा उदारपणा विशेष होता. येणारे चित्र ॲपलच्याच संगणकाचे असावे अशी सक्ती नव्हती. डिस्प्लेपोर्टचे चित्र देणारे विंडोजचे यंत्रही चाले. एचडीएमआय संकेत त्यात घालण्यासाठी रूपांतरक पेट्याही बाजारात आल्या. मर्यादा होत्या : आयमॅक स्वतः चालू ठेवावा लागे, म्हणजे वीज दोन संगणकांची खर्च होई. त्याचा कॅमेरा किंवा यूएसबीची भोके पाहुण्या यंत्राला वापरता येत नसत. तरीही ज्याने एवढे पैसे मोजले त्याला एक आश्वासन मिळाले होते. संगणक जुना होईल, पडदा वाया जाणार नाही.

१२/
मे २०११ मध्ये आयमॅकवर थंडरबोल्ट आले. सोय आता २१.५ इंची यंत्रासही मिळाली, पण दार अरुंद झाले : चित्र पाठवणाऱ्या संगणकातही थंडरबोल्टच हवे. साधा डिस्प्लेपोर्ट चालेना. म्हणजे दोन वर्षांपूर्वी ज्या लॅपटॉपने २७ इंची आयमॅकवर चित्र दाखवले, तोच लॅपटॉप नव्या आयमॅकपुढे हात टेकू लागला. सोयीचे नाव तेच राहिले आणि तिचा पैस आक्रसला. इतिहासात संस्था अशाच रीतीने बदलतात. पाटी जुनी राहते, नियम नवा येतो.

१३/
२०१२ च्या अखेरीस आयमॅकचे शरीरही बदलले. त्याआधीच्या यंत्रांत पुढची काच लोहचुंबकांनी धरलेली असे. दोन सक्शन कप लावून ती अलगद उचलता येई. नव्या यंत्राची कड ५ मिलिमीटरची झाली. काच आणि पॅनेल एकजीव झाले आणि ते कवचाला चिकटपट्टीने डकवले गेले. उघडायचे तर कडेकडेने पातळ चाक फिरवून चिकटपट्टी कापावी लागे, आणि मिटवताना नवी लावावी लागे. चित्राची वाट अजून खुली होती. शरीराची वाट मात्र अवघड झाली.

१४/
१६ ऑक्टोबर २०१४. '५के' पडद्याचा २७ इंची आयमॅक आला आणि टार्गेट डिस्प्ले मोड त्यात नव्हता. कारण समजण्यासाठी एक गणित पुरेसे आहे. ५,१२० गुणिले २,८८० म्हणजे १,४७,४५,६०० बिंदू. प्रत्येक बिंदूस रंगाचे २४ बिट, आणि सेकंदाला ६० चित्रे. गुणाकार होतो सुमारे २१.२ अब्ज बिट प्रतिसेकंद. त्या काळी प्रचलित असलेल्या डिस्प्लेपोर्ट १.२ ची चित्रासाठीची प्रत्यक्ष क्षमता १७.२८ अब्ज, आणि थंडरबोल्ट-२ ची २० अब्ज. पाणी जास्त, पाइप लहान.

१५/
तुलनेसाठी २००९ चे गणितही मांडून पाहावे. २,५६० गुणिले १,४४० बिंदू, तेच रंग, तोच वेग : सुमारे ५.३ अब्ज. त्या वेळच्या डिस्प्लेपोर्टची क्षमता ८.६४ अब्ज. भरपूर जागा होती. २०१४ मध्ये ॲपलने आपल्या यंत्राच्या आत ही अडचण सोडवली ती खास घडवलेल्या टायमिंग कंट्रोलरने आणि पॅनेलकडे दोन समांतर वाटांनी चित्र नेऊन. डेलने त्याच सुमारास जाहीर केलेल्या ५के मॉनिटरलाही पूर्ण चित्रासाठी दोन केबली लागत. म्हणजे २०१४ मध्ये 'एका केबलने जमत नाही' हे कारण खरे होते.

१६/
इतिहासाच्या अभ्यासकाने इथे थांबू नये. एखादे कारण एका वर्षी खरे असते, म्हणून ते पुढेही खरे राहतेच असे नाही. जून २०१५ मध्ये ४० अब्ज बिट क्षमतेचे थंडरबोल्ट-३ जाहीर झाले. ऑक्टोबर २०१६ मध्ये एलजीचा अल्ट्राफाइन ५के मॉनिटर आला. तो एकाच थंडरबोल्ट-३ केबलवर चालत असे, आणि ॲपलनेच तो आपल्या नव्या मॅकबुक प्रोसाठी पुढे केला. जून २०१७ च्या आयमॅकमध्ये थंडरबोल्ट-३ बसवले गेले. एक केबल, पूर्ण ५के, दोन्ही टोकांना ॲपलला मान्य असलेली जोडणी. तरीही टार्गेट डिस्प्ले मोड परतला नाही.

१७/
म्हणजे २०१४ चा खुलासा २०१७ ला पुरत नाही. चित्र आत घेण्यासाठी जादा मंडल लागते, त्याची चाचणी करावी लागते, मदतकेंद्राला त्याची उत्तरे द्यावी लागतात. हा खर्च उचलण्याजोगा नाही असे कोणत्याही उत्पादकाला वाटू शकते. पण मग तो व्यापाराचा निर्णय झाला, भौतिकशास्त्राची आज्ञा नव्हे. तंत्रज्ञानाच्या इतिहासात या दोहोंची गल्लत फार होते. 'अशक्य होते' आणि 'करायचे नव्हते' ही दोन वेगळी विधाने आहेत, आणि प्रत्येकासाठी पुरावा वेगळा लागतो.

१८/
जुन्या यंत्रांवरील सोयही हळूहळू संपली. ॲपलच्या नियमांनुसार, मॉनिटर बनणाऱ्या आयमॅकवर 'हाय सिएरा' किंवा त्याआधीची प्रणाली हवी, आणि चित्र पाठवणारा मॅक २०१९ पर्यंतचा व त्यावर 'कॅटालिना' किंवा त्याआधीची प्रणाली हवी. २०२० मध्ये 'बिग सर' आली. त्यानंतरचा अद्ययावत मॅक या नियमात बसत नाही. २०११ ते २०१४ या काळातील जी यंत्रे या सोयीसह विकली गेली, त्यांच्या तारा, मंडले, पडदे जसेच्या तसे आहेत. बदलली ती केवळ प्रणाली, आणि दार आतून लागले.

१९/
जिथे कंपनीची वाट संपते तिथे हौशी कारागिरांचा इतिहास सुरू होतो, आणि तो अधिक रंजक आहे. २००२ चा आयमॅक जी-४ घ्या : अर्धगोल पाया आणि सूर्यफुलासारखा वळणारा सपाट पडदा. त्याच्या मानेतून पडद्याकडे जाणारा संकेत टीएमडीएस पद्धतीचा, म्हणजे डीव्हीआय केबलमध्ये असतो तोच. हे ओळखल्यावर काम सोपे झाले. आतील केबलच्या तारा रंगांनुसार ओळखून डीव्हीआय जोडणीला लावल्या, की पडदा नव्या संगणकाचे चित्र दाखवू लागतो. अनेकांनी पायातील जुने मंडल काढून तिथे मॅक मिनीच बसवला.

२०/
जी-३ ची कथा याहून चिवट. १९९९ नंतरच्या, सीडी फटीतून घेणाऱ्या यंत्रांत पिक्चर ट्यूबचे मंडल निव्वळ चित्राचा संकेत देऊन जागे होत नाही. मुख्य मंडलाकडून आय-टू-सी या मार्गाने काही ठरावीक आज्ञा आल्या, तरच ते ट्यूब पेटवते. हौशी मंडळींनी त्या आज्ञा वाचल्या, नोंदवल्या आणि आर्डुइनोसारख्या स्वस्त मंडलाकडून त्या पाठवून पाहिल्या. ट्यूब पेटली. कागदपत्रे नसलेल्या यंत्राकडून त्याचीच भाषा शिकून घेण्याचा हा प्रकार, अपरिचित लिपीतील शिलालेख वाचण्याच्या रीतीशी त्याचे नाते आहे.

२१/
५के आयमॅकचे रूपांतर आज सर्वाधिक होते. त्याची रीत थोडक्यात अशी. चिकटपट्टी कापून पडदा काढतात. पॅनेलच्या पाठीवरील पूर्ण क्रमांक वाचतात. हे पॅनेल एलजीचे, 'एलएम२७०क्यूक्यू१' या कुळातील, आणि पुढील अक्षरांवरून त्याची नेमकी आवृत्ती ठरते. मग त्याच आवृत्तीशी जुळणारे कंट्रोलर बोर्ड मागवतात. बोर्डाच्या एका बाजूस डिस्प्लेपोर्ट, एचडीएमआय किंवा यूएसबी-सी. दुसऱ्या बाजूस पॅनेलकडे जाणाऱ्या दोन ईडीपी केबली आणि मागच्या दिव्याच्या तारा. जुने मुख्य मंडल, पंखा, वीजपुरवठा बाहेर काढतात. नव्या तारा बहुधा रॅमच्या झडपेतून बाहेर आणतात, म्हणजे कवच कापावे लागत नाही.

२२/
फसगत होते ती बहुधा तीन जागी. पहिली, पॅनेल क्रमांकाचे शेवटचे अक्षर न पाहता बोर्ड मागवणे. मग चित्र येतच नाही किंवा अर्ध्याच पडद्यावर येते. दुसरी, बोर्ड ५के म्हणून विकत घेणे, पण संगणकाचे भोक जुन्या पद्धतीचे असणे. मग चित्र ४के वर अडते. तिसरी, काच. एकजीव केलेले पॅनेल वाकले की तडकते, आणि ज्या वस्तूसाठी सारा खटाटोप, तीच जाते. शिवाय अंगभूत कॅमेरा आणि कळफलकावरून उजेड कमीजास्त करण्याची सोय बहुधा गमवावी लागते.

२३/
यात जिवाचा धोकाही आहे आणि तो हलका लेखू नये. आयमॅकच्या वीजपुरवठ्यातील कपॅसिटर प्लग काढल्यावरही भार धरून ठेवतात. त्या मंडलाला हात लावण्यापूर्वी थांबावे लागते आणि उघड्या जोडांना स्पर्श टाळावा लागतो. पिक्चर ट्यूबच्या यंत्रांत तर दाब हजारो व्होल्टचा असतो आणि ट्यूब फुटल्यास काचेचे तुकडे आत ओढले जाऊन उसळतात. जुन्या टीव्ही दुरुस्त करणाऱ्या कारागिराला हे उपजत ठाऊक असे. ज्याला ते ठाऊक नाही त्याने हे काम अशा माणसाच्या देखरेखीखालीच करावे.

२४/
न उघडता करण्याचा मार्गही आहे. लुना डिस्प्लेसारखे छोटे उपकरण जोडून जुन्या मॅकचा दुसरा पडदा करता येतो. ऑक्टोबर २०२१ च्या 'माँटेरे'पासून २०१९ व त्यानंतरचे आयमॅक एअरप्लेद्वारे दुसऱ्या ॲपल यंत्राचे चित्र घेतात. पण इथे चित्र आकुंचित होऊन जाळ्यातून येते, थोडे उशिरा पोहोचते, आणि जुना संगणक जिवंत राहणे आवश्यक असते. मजकूर लिहिण्यास हे पुरते. वेगवान खेळांस किंवा रंगांच्या नेमक्या कामास अपुरे पडते. आणि २०१४ च्या यंत्राला एअरप्लेची ही वाट मोकळी नाहीच.

२५/
महाराष्ट्रात या विद्येला जुनी परंपरा आहे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. भडकमकर मार्ग, आणि पुण्यातील बुधवार पेठेची तपकीर गल्ली या इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या पेठा. एका यंत्राचा भाग दुसऱ्या यंत्रास बसवणे, जुन्या लॅपटॉपच्या पॅनेलला बोर्ड लावून त्याचा टीव्ही किंवा मॉनिटर करणे, ही अशा पेठांतील दुकानदारांना नवलाईची गोष्ट नाही. परदेशात ज्याला आज छंद म्हणतात, ते इथे अनेकांचे पोट भरण्याचे साधन राहिले आहे. त्यामागे तत्त्वज्ञान नव्हते. चालणारी वस्तू टाकू नये, एवढाच हिशेब होता.

२६/
कायद्याने हा हिशेब उशिरा मांडला. भारताचे ई-कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये आले आणि १ मे २०१२ पासून लागू झाले. वस्तूचे आयुष्य संपल्यानंतरची जबाबदारी उत्पादकावरही असते, हे तत्त्व त्यांत आले. २०२२ चे नवे नियम १ एप्रिल २०२३ पासून अमलात आले. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली. या प्रयत्नांचे मोल आहेच. पण वितळवून धातू काढणे आणि वस्तू वापरत राहणे यांत मोठे अंतर आहे. ५के पॅनेल वितळवले, तर त्यातून ५के पॅनेल परत मिळत नाही.

२७/
या साऱ्या कथेत शेवटी एक विरोधाभास उरतो. २०२२ च्या स्टुडिओ डिस्प्लेच्या पोटात ॲपलची ए-१३ चिप आहे, म्हणजे २०१९ च्या आयफोन ११ मधील प्रोसेसर. ज्या आयमॅकमधून संगणक काढून लोक निव्वळ मॉनिटर करू पाहत होते, त्याच्या जागी कंपनीने असा मॉनिटर आणला की ज्यात पुन्हा एक संगणक आहे. त्या संगणकाचेही वय वाढेल, त्याच्याही प्रणालीला अद्ययावत करणे कधीतरी थांबेल. तेव्हा पडदा चालू राहील का, हा प्रश्न २०१४ च्या आयमॅकने आधीच विचारून ठेवला आहे.

२८/
एक फरक मात्र मोलाचा. स्टुडिओ डिस्प्लेला चित्र आत घेण्याचे भोक आहे. २०१४ च्या आयमॅकला नव्हते. एखाद्या यंत्राचे उत्तरायुष्य कसे जाईल, हे त्याच्या किमतीपेक्षा अशा एका भोकाने अधिक ठरते. विंडोजच्या काही ऑल-इन-वन यंत्रांवर 'एचडीएमआय-इन' अशी खूण असे. ती असलेले यंत्र संगणक म्हणून निकामी झाले, तरी त्याचा पडदा कामाला येण्याची आशा असते. विकत घेणारे प्रोसेसरचा वेग आणि रॅम विचारतात. मागच्या बाजूची ही छोटी अक्षरे क्वचितच कोणी वाचतो.

२९/
घराच्या माळ्यावर, महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, बंद पडलेल्या स्टुडिओत असे आयमॅक आजही कापडाखाली झाकलेले आढळतात. ते भंगारात देण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : यंत्राचे साल, मागच्या भोकाचा प्रकार आणि पडद्याची प्रकृती. २००९-१० चे २७ इंची यंत्र असेल आणि त्यावर 'हाय सिएरा' किंवा त्याआधीची प्रणाली असेल, तर योग्य केबल आणि कमांड-एफ-२ एवढ्यावर काम भागू शकते. २०११ ते २०१४ चे असेल, तर जुळणारा जुना मॅक शोधावा लागेल. ५के असेल, तर बोर्ड आणि कारागीर लागेल. पण पडद्यावर डाग नसेल, तर त्या यंत्राचे काम अजून संपलेले नाही.

(धागा समाप्त. कोणाकडे असा जुना आयमॅक असेल, तर त्याचे साल आणि त्याची सद्यःस्थिती खाली अवश्य नोंदवावी.)